दुर्बिणीवरचे आकडे

मंडळी, आज जरा वेगळा विषय. माझ्या भाचीचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. मध्यंतरी त्याने कळवलं की तो तिथल्या शिकारीच्या परवान्याच्या परीक्षेला बसतोय. लेखी, तोंडी आणि नेमबाजी असे तीन भाग. अभ्यास इतका, की तिथले लोक या परीक्षेला गमतीने 'हिरवी बारावी' म्हणतात म्हणे! आमच्या घरात अर्थातच खळबळ उडाली. आजीने तर माळ बाजूला ठेवली. त्या गोंधळात त्याचा मला वेगळाच प्रश्न: "आजोबा, दुर्बीण घ्यायची आहे. ८×५६ घेऊ की १०×४२?"

जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला हे विचारावं का? पण जुन्या वस्तूंचा नाद घरात मलाच, म्हणून विचारलं असावं. मीही शोधायला बसलो आणि लक्षात आलं, की या दोन आकड्यांच्या मागे चारशे वर्षांची गोष्ट आहे.

'दुर्बीण' शब्द फारसीतून आपल्याकडे आला. दूर म्हणजे लांब आणि बीन म्हणजे पाहणारा. वस्तू मात्र हॉलंडकडची. १६०८ च्या ऑक्टोबरात मिडलबर्ग गावच्या हान्स लिपरहे या चष्मेवाल्याने तिच्या हक्कासाठी सरकारकडे अर्ज केला. सरकारने सांगितलं, दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल अशी करून आण. डिसेंबरात त्याने तशी करून दाखवलीही. म्हणजे दोन डोळ्यांची दुर्बीण ही एका डोळ्याच्या दुर्बिणीपेक्षा जेमतेम अडीच-तीन महिन्यांनी धाकटी. (हक्क मात्र बिचाऱ्याला मिळाला नाही. ही युक्ती इतरांनाही ठाऊक आहे, असं सरकारचं म्हणणं पडलं.)

पण ती धाकटी बहीण पुढे अडीचशे वर्षं बाळसं धरेना. गॅलिलिओच्या पद्धतीची भिंगं घ्यावीत तर दृश्य अगदी चिमूटभर दिसायचं. केप्लरच्या पद्धतीची घ्यावीत तर सगळं उलटं, डोकं खाली पाय वर. ते सुलटं करायला आणखी भिंगं घातली की नळी हातभर लांब. अशा दोन नळ्या गळ्यात अडकवून रानात कोण फिरणार?

म्हणून शिकाऱ्यांनी एकाच नळीवर भागवलं. स्कॉटलंडच्या उघड्याबोडक्या डोंगरात तांबड्या हरणांची शिकार चालते. तिथे वाटाडे उताणे पडून, गुडघ्यावर किंवा काठीवर लांब पितळी दुर्बीण टेकवून समोरचा उतार तासन्‌तास न्याहाळत. या कामात ते इतके तरबेज, की १९०० साली बोअर युद्धासाठी लॉर्ड लोव्हॅटने अशा डोंगरी शिकाऱ्यांचीच एक टेहळणी पलटण उभी केली.

आपल्याकडे मात्र राजेरजवाड्यांच्या आणि साहेबांच्या शिकारीत दुर्बिणीला फारसं काम नव्हतं. हाका घालायचा, ढोल-डबे बडवायचे आणि सावज मचाणाखाली आणायचं. जनावर पन्नास पावलांवर आल्यावर दुर्बीण कशाला? तेव्हा मला पहिली गोष्ट उमगली ती ही, की दुर्बीण शिकाऱ्याच्या ऐपतीवर ठरत नाही, शिकारीच्या पद्धतीवर ठरते.

नळी आखूड करण्याची युक्ती इग्नात्सिओ पोरो या इटालियन माणसाला सुचली. १८५४ साली त्याने पेटंट घेतलं. नळीत काटकोनी लोलक बसवायचे. प्रकाश त्यांच्यावर आपटून मागे-पुढे वळतो, नळी आखूड होते आणि चित्रही सुलटं होतं. कल्पना उत्तम, पण तेवढी निर्मळ काच त्या काळी मिळेना. पुढे जर्मनीतल्या येना गावात ऑटो शॉट याने १८८४ मध्ये काचेची प्रयोगशाळा काढली, आणि तिथल्याच झाइस कारखान्याच्या अर्न्स्ट अबेने १८९४ मध्ये लोलकाची दुर्बीण बाजारात आणली. एका माणसाची कल्पना चाळीस वर्षं काचेसाठी खोळंबली होती!

आता आकड्यांकडे येऊ. ८×५६ मधला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ भासते. ५६ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा: ५६ भागिले ८ बरोबर ७. दुर्बीण उजेडाकडे धरून हातभर अंतरावरून मागच्या भिंगात बघा, प्रकाशाची एक गोल टिकली दिसेल. ती ७ मिलिमीटरची. १०×४२ मध्ये ही टिकली ४.२ ची, तर ८×३० मध्ये पावणेचारची.

टिकलीचं महत्त्व काय? दिवसाउजेडी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे कुठलीही दुर्बीण चालते. अंधार पडू लागला की तरुण माणसाची बाहुली साधारण सात मिलिमीटरपर्यंत उघडते. ती पुरती भरायला टिकलीही सातचीच हवी.

आणि जर्मन शिकाऱ्याला नेमकी ती कातरवेळच हवी असते, कारण हरणं आणि रानडुकरं तेव्हाच रानाबाहेर येतात. तिथल्या कायद्याने खुरवाल्या जनावरांची रात्री शिकार करायला बंदी आहे (रानडुकराला सूट). पण रात्र म्हणजे काय? सूर्यास्तानंतर दीड तासाने सुरू होते ती, आणि सूर्योदयाआधी दीड तास संपते ती. ही दीड तासाची संधी दोन्ही वेळा मिळते, आणि ५६ चं ते जाडजूड भिंग तेवढ्यासाठी. एवढी जड दुर्बीण एरवी कोण वागवेल?

माहितीपत्रकात आणखी एक आकडा छापतात, संधिप्रकाशाचा. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढायचं. ८×५६ चं येतं २१.२ आणि १०×४२ चं २०.५. म्हणजे जवळजवळ सारखंच! पण टिकली एकीची ७ आणि दुसरीची ४.२ हे त्यात कुठेच दिसत नाही. काच कशी आहे, तिच्यावर लेप आहे का, हेही दिसत नाही. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग असले की तिसरा हिस्सा वाटेतच गळाला. यावरचा लेप झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये काढला. म्हणून जुनी दुर्बीण स्वस्तात मिळाली तरी भिंगावर जांभळट-निळसर झाक आहे का, ते आधी बघावं.

मी त्याला लिहिलं, "मचाणावर संध्याकाळचं बसणार असशील तर ८×५६. डोंगर चढणार असशील तर १०×४२. आणि तुझ्या सासऱ्यांची ५६ ची दुर्बीण मला पाठवू नकोस." कारण सत्तरीत बाहुली पाच मिलिमीटरसुद्धा धड उघडत नाही. सातची टिकली आली तरी कडेचा प्रकाश बुबुळावर सांडून वाया जाणार. वजन तेवढं माझ्या मानेवर!

त्याच्या पुढच्या पत्रात एक गोष्ट होती, ती मात्र मनात रुतून बसली. मी विचारलं होतं, बंदुकीवरही दुर्बीण असते, मग वेगळी कशाला? त्याने लिहिलं, "आजोबा, बंदुकीवरच्या दुर्बिणीने शोधायचं नसतं. तिच्यातून ज्याच्याकडे बघाल, त्याच्याकडे नळी रोखलेली असते. तो माणूसही असू शकतो." आधी हातातल्या दुर्बिणीने ओळखायचं: नर की मादी, वय किती, मागे पिल्लू आहे का. पिल्लांच्या दिवसांत त्यांना वाढवणारी आई मारणं हा तिथे गुन्हा आहे. ओळख पटली तरच बंदुकीला हात.

हे वाचलं आणि मी कोकणातल्या आमच्या गावी पोचलो. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. भातात डुकरं शिरत, म्हणून रात्री बत्ती आणि ठासणीची बंदूक घेऊन माणसं निघत. एका रात्री करवंदीच्या जाळीमागे काहीतरी हललं आणि बार उडाला. जाळीमागे पलीकडच्या वाडीतला गडी होता. सकाळी त्याला डोलीतून आणलं तेव्हा आम्हा पोरांना माजघरात कोंडलं होतं, पण त्याच्या आईचा आवाज तिथवर आला. ज्याने बार काढला तो माणूस वाईट नव्हता. आम्हाला आंबे द्यायचा. त्यानंतर तो कुणाच्या अंगणात बसलेला मी पाहिला नाही.

त्या काळोखात दुर्बीण असती तरी काही दिसलं नसतं, हे मला कळतं. पण दिसत नाही तर बार काढायचा नाही, एवढा नियम गावात कुणी कुणाला शिकवला नव्हता. 'हिरव्या बारावी'त तो शिकवतात. म्हणून पोराच्या शिकारीबद्दल माझं मन अजून कडू असलं, तरी त्या परीक्षेबद्दल नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा तो जमाना संपवला. बंदुका गेल्या, दुर्बिणी उरल्या. सलीम अलींचीही सुरुवात लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या चिमणीपासूनच झाली होती. आता पहाटे तळ्याकाठी पक्षी बघणारी मुलं दिसतात, त्यांच्या गळ्यात बहुधा ८×४२ असते. भागाकार केलात तर सव्वापाच येतात. माझ्यासारख्यालाही पुरेत.

असो. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत एखादी जुनी दुर्बीण असेल तर काढा, पुसा, आणि तिच्यावरचे आकडे मला कळवा. कुणी, कशासाठी घेतली होती, तेही लिहा.