उन्हातली मोटार आणि सोश्यूरची पेटी

वैशाखात दारव्ह्याच्या बाजारात तासभर उभी असलेली मोटार उघडली, की आतून भट्टीसारखी झळ येते. मग कोणी काचेला पुठ्ठा लावतो, कोणी छताच्या आत थर्माकोल चिकटवतो. यांतले काय उपयोगी, हे समजण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ.

१७६७ साली जिनिव्हाच्या सोश्यूर या शास्त्रज्ञाने काचेच्या झाकणांच्या पेट्या उन्हात ठेवून प्रयोग सुरू केले. आतून काळ्या केलेल्या एका पेटीत तापमान सुमारे ११० अंश सेल्सिअसपर्यंत चढले. पुढे त्याने पेटीभोवती लोकर भरली. बाहेर थंडी असतानाही आतली उष्णता टिकून राहिली. काचेतून ऊन आत येते, पण तापलेल्या वस्तूंची अवरक्त प्रारणे काच बाहेर सोडत नाही आणि गरम हवाही कोंडून राहते. बंद मोटार म्हणजे अशीच पेटी. काचा उघड्या ठेवून दारांत थर्माकोल भरणे म्हणजे सोश्यूरने लोकर भरली तसेच होय! उष्णतारोधक थर उष्णतेला आत येऊ देत नाही, तसाच बाहेरही जाऊ देत नाही.

भारतातल्या रेल्वेला हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच भेडसावला. त्यावर डब्यांना दुहेरी छत देण्यात आले. वरचे छत ऊन झेलते आणि दोहोंमधली खेळती हवा ती उष्णता वाहून नेते. आपल्याकडे उन्हाळ्यात टिनांवर तुराट्या पसरतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. वरच्या वर्गाच्या डब्यांना वाळ्याचे ओले ताटे लावीत. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. विदर्भाच्या कोरड्या हवेत हा उपाय विशेष लागू पडतो.

१८०४ साली जॉन लेस्ली यांनी गरम पाण्याच्या घनाकृती भांड्याच्या साहाय्याने दाखवले, की चकचकीत धातू काळ्या पृष्ठभागापेक्षा फारच कमी उष्णता प्रारित करतो. असा पृष्ठभाग प्रारणे परावर्तितही करतो.

यावरून घरगुती उपायांचा क्रम लागतो. पहिली सावली. ती नसेल तर काचेवर बाहेरून पांढरे कापड वा चकचकीत पत्रा. आतून लावलेला पुठ्ठा त्यानंतरचा, कारण त्याने शोषलेली उष्णता मोटारीतच राहते. छताखालचा थर सर्वांत शेवटी. तोही थर्माकोलचा नको, कारण ते सहज पेट घेते.

मात्र कोणताही उपाय मुलाला बंद मोटारीत ठेवण्याइतका भरवशाचा नाही. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत तासाभरात आतले तापमान सरासरी २२ अंशांनी वाढले आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली. काच किंचित उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही.

शिक्षकांनी तीन सारखी खोकी काचेने झाकून उन्हात ठेवावीत: एक उघडे, एकाच्या काचेवर पुठ्ठा, एकाच्या काचेखाली. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून मुलांनीच आलेख काढावा. आलेख पाहिलेला विद्यार्थी धाकट्या भावंडाला मोटारीत सोडून जाणार नाही, असे आम्हांस वाटते.