हॉटेलचा उंबरठा

भगिनींनो, मंडळाचा वर्धापनदिन म्हटला की भाषणे, हळदीकुंकू आणि शेवटी चहा-फराळ हा क्रम ठरलेला. अलीकडे त्यात आणखी एका आनंदाची भर पडली आहे. अधूनमधून चार मैत्रिणींनी मिळून एखाद्या चांगल्या हॉटेलात जावे, पांढरे कापड अंथरलेल्या टेबलाभोवती निवांत बसावे, सूप मागवावे, मंचुरियन मागवावे, नूडल्स घेताना होणारी फजिती पाहून पोटभर हसावे आणि शेवटी दुसऱ्याने करून आणलेला चहा घ्यावा. कोणी म्हणेल, यात इतिहास तो कसला? परंतु त्या टेबलाजवळची खुर्ची आपल्याला सहजासहजी मिळालेली नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांची ती वाटचाल आहे, आणि तिच्यातील काही ठळक टप्पे आपल्या नगर जिल्ह्याच्याच भूमीवर आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम साहेबी मेजवानीचे पाहू. 12 ऑगस्ट 1803 रोजी नगरचा किल्ला जनरल वेलस्लीच्या हाती पडला. किल्ल्याजवळच्या एका चिंचेच्या झाडाखाली त्याने फराळ केला, असे सांगतात. पुढे भिंगारला लष्कराचा कॅम्प वसला आणि त्याबरोबर काटे-चमचे, पाव-बिस्किटे, मेसमधील जेवणे आणि दुपारचा चहा या गोष्टी नगरच्या वेशीशी आल्या. दुपारी चार-पाचच्या सुमारास चहाबरोबर काही हलके खाण्याची चाल विलायतेत 1840 च्या आसपास रूढ झाली, आणि तिचे श्रेय बेडफर्डच्या डचेस ॲना या बाईंना देतात. तिकडे ही चाल बायकांनी पाडली, बायकांनीच वाढविली. आपल्याकडे मात्र त्याच काळी घरातील बाई पुरुषांच्या पंगती उठल्यावर, उरले-सुरले ते पुढ्यात घेऊन बसत होती. केलेले गरम अन्न कोणीतरी आपल्यालाही वाढावे, हा विचारसुद्धा तिच्या मनास शिवत नसे.

चहाची गोष्ट तर याहून अवघड होती. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्यास पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींना चहा-बिस्किटे देण्यात आली. मंडळीत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती घेऊन खाली ठेवला. परंतु पुढे गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, उपस्थितांची नावे छापून आणली आणि पुण्यात एकच गहजब उडाला. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचा चहा म्हणजे धर्म बुडाला! ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, प्रायश्चित्ते सांगितली गेली. रानड्यांसारख्या पुरुषानेही शेवटी प्रायश्चित्त घेतले. या सर्व प्रकरणात पुरुषांनी वाद घातले, पण त्याचा ताप भोगला तो घरातील बायकांनी. बहिष्कार पडला की श्राद्धाला ब्राह्मण मिळत नसे, लेकी-सुनांचे जाणे-येणे बंद होई. एका पेल्यापायी माहेर तुटावे, असे ते दिवस होते.

असे दिवस असताना एका बाईने काय केले ते पाहा, आणि ती बाई आपल्या नगरची म्हणता येईल. लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1936 या काळात प्रसिद्ध झाले. त्यांचे वडील इतके सोवळे की मीठ-साखरही धुऊन घेतल्यावाचून त्यांना चालत नसे. अशा घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे आल्या, पण चूल आणि पाणी त्यांनी वेगळेच ठेवले. त्यांच्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. त्यांनी स्वतःच विचार केला, जातिभेद देवाने केलेला नाही, माणसांनी केला आहे, हे त्यांच्या मनाला पटले आणि मग त्यांनी सोवळे सोडले ते कायमचे. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नगरला आणि राहुरीला टिळकांचे बिऱ्हाड असे आणि त्या घरी नाना जातींची मुले-माणसे एका पंक्तीला जेवत. त्यांनी धर्म बदलला हा प्रश्न बाजूला ठेवू. कोणाबरोबर बसून खावे हे एका बाईने स्वतःच्या बुद्धीने ठरविले, ही त्यातील खरी गोष्ट. हॉटेलच्या पायरीवर पाऊल ठेवण्याआधी हा मनातला उंबरठा ओलांडावा लागतो.

इकडे शहरांतून उपाहारगृहे निघू लागली होती. दादरला मामा काणे यांचे उपाहारगृह 1910 साली सुरू झाले. पुण्यास लक्ष्मी रस्त्यावर सरपोतदारांचे पूना गेस्ट हाऊस 1935 साली निघाले, आणि डेक्कनवर इराण्यांचे गुडलक हॉटेल त्याच साली. संगमरवरी टेबले, भिंतीवरचे आरसे, बन-मस्का आणि कडक चहा ही इराण्यांची खूण. परंतु बाईमाणसाने तेथे चारचौघांत बसणे चांगले समजले जात नसे. यावर तोड म्हणून हॉटेलांतून 'फॅमिली रूम' निघाली. लाकडी फळ्यांचा आडोसा, पुढे पडदा आणि आत चार खुर्च्या. पडद्याआड का होईना, बाईला पहिल्यांदा बसायला जागा मिळाली, म्हणून या खोलीचे उपकार मानले पाहिजेत. पण सोबत नवरा किंवा भाऊ असेल तरच त्या पडद्याला मान. एकटी बाई आली तर गल्ल्यावरचा मालकसुद्धा गोंधळून जाई. आणि दलित भगिनीला तर तो पडदाही नव्हता. अनेक ठिकाणी तिच्या माणसांना चहा मिळे तो बाहेर, निराळ्या ठेवलेल्या कपातून, आणि तो कप त्यांनीच विसळून ठेवायचा असे.

आता चिनी खाद्याकडे वळण्यापूर्वी चिनी चहाची एक हकीकत सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्या भुईकोट किल्ल्यात घडली. 1942 च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या पुढाऱ्यांना पकडून नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव, अशी थोर मंडळी होती. पहिल्या दिवशी जेवण आले ते लोखंडी थाळ्यांतून. मौलानांनी सांगितले की आम्हांला चिनी मातीच्या बशांतून जेवण्याची सवय आहे, आणि पुढे तशी सोय झाली. पुण्याहून एक कैदी आचारी म्हणून आणला होता. त्याचा स्वयंपाक कोणालाच रुचेना, तेव्हा दुसरा आणावा लागला. मौलाना पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत आणि स्वतःच्या हाताने चहा करीत. तोही साधा नव्हे, 'व्हाइट जास्मिन' नावाचा, मोगऱ्यासारख्या फुलांच्या वासाचा चिनी चहा. त्यात दूध घालणे त्यांना मुळीच खपत नसे. दूध घालण्याची खोड आपण इंग्रजांपासून उचलली, असे त्यांचे म्हणणे. साखरही स्वच्छ, स्फटिकासारखी हवी. नेहरूंना मात्र साखरेतला हा फरक त्यांना काही केल्या पटविता आला नाही. पंडितजी गोडाचे शौकीन, त्यांना गूळही चाले! तुरुंगातील पत्रांचे 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक 1946 साली निघाले, त्यात हे सारे मोठ्या गोडीने लिहिलेले आहे. पण त्याच पुस्तकात दुसरेही एक पान आहे. मौलाना या किल्ल्यात असतानाच 1943 च्या एप्रिलात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास वारल्या. शेवटची भेट झाली नाही. चहाची हकीकत वाचताना हसणाऱ्या भगिनींनी ते पानही वाचावे. पुरुषाच्या तुरुंगवासाचा निम्मा भार घरातील बाई कसा वाहते, ते त्यात दिसते.

स्वातंत्र्यानंतर तीन गोष्टींनी आपली ही वाट रुंद केली. पहिली एस.टी. 1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली ती पुणे ते नगर. पुढे शिक्षिका, परिचारिका, परीक्षेला जाणाऱ्या मुली या गाड्यांतून एकट्या प्रवास करू लागल्या, आणि स्टँडवरच्या कँटीनमध्ये उभ्याने का होईना, स्वतःच्या पैशाने चहा घेऊ लागल्या. दुसरी गोष्ट साखर. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना होताच. 1950 च्या अखेरीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने लोणीजवळ प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. पाठोपाठ जिल्ह्यात आणखी कारखाने उभे राहिले, बागायत भागात पैसा खेळू लागला आणि रस्त्यारस्त्यावर हॉटेले झाली. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची, राज्यघटना. 26 जानेवारी 1950 पासून अंमलात आलेल्या घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश करण्यास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही मनाई करता येणार नाही, असे म्हटले आहे. यातला 'लिंग' हा शब्द आपल्यासाठी आहे, भगिनींनो. जातीच्या कारणाने हॉटेलात अडविणे हा 1955 च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने गुन्हा ठरला. म्हणजे ज्या एका पेल्यापायी 1890 मध्ये प्रायश्चित्त घ्यावे लागे, तो सर्वांबरोबर बसून घेणे साठ-पासष्ट वर्षांत हक्क झाला.

राहिले चिनी हॉटेल. चिनी लोक आपल्याकडे फार पूर्वीच आले. मुंबईत माझगावला चिनी दर्यावर्दी लोकांची वस्ती होती आणि 1919 साली त्यांनी तेथे बांधलेले मंदिर आजही आहे. चिनी जेवणाची हॉटेले आधी कलकत्ता-मुंबईकडे निघाली, आणि तेथे जाणे ही श्रीमंतांची व साहेबी वळणाच्या लोकांची चैन असे. सर्वसामान्यांच्या जिभेवर हे खाणे चढले ते पुढे. 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वाँग या कलकत्त्याच्या चिनी आचाऱ्याने आले, लसूण, हिरवी मिरची या आपल्या फोडणीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि मक्याचे पीठ घालून कोंबडीचा एक प्रकार केला व त्याला मंचुरियन नाव दिले, असे सांगतात. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येचा प्रांत, पण तेथे हा पदार्थ कोणास ठाऊक नाही! पुढे कोबी-गाजराचे शाकाहारी मंचुरियन झाले, ते गावोगावच्या गाड्यांवर गेले, आणि आज नगर जिल्ह्यातील बाजाराच्या गावी संध्याकाळी चायनीजची गाडी नाही असे क्वचितच आढळते. आपल्या जिल्ह्यात कांदा मुबलक, त्यामुळे त्यावर पात भुरभुरण्यातही कंजुषी नाही. आपला 'चहा' हा शब्द मुळात चिनी, बशीची माती चिनी, हिंदीत तर साखरेचे नावही 'चीनी'. तेव्हा परदेशी म्हणून या खाण्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही.

आता थोडे कडू बोलते. हॉटेलचा उंबरठा ओलांडला, तरी सर्वांनी ओलांडला असे नाही. तालुक्याच्या नाक्यावरच्या टपरीसमोरील बाकावर एकटी बाई निवांत चहा पीत बसलेली आजही क्वचितच दिसते. तिच्याकडे माना वळतातच. शेतमजुरीहून परतणाऱ्या आपल्या बहिणींना तहान लागत नाही असे थोडेच आहे? शिवाय आपण टेबलाशी बसलेल्या असताना मागल्या दाराशी भांडी घासणारी आणि पोळ्या लाटणारी पुष्कळदा बाईच असते. तिला दुपारचा चहा वेळेवर मिळतो का, हे विचारण्यास आपल्याला कमीपणा वाटू नये. आणि घरी? हॉटेलात आपल्याला वाढणाऱ्या वेटरचे आपण कौतुक करतो. घरी मात्र सर्वांचे झाल्यावर बसण्याची जुनी चाल आपणच किती जणींनी मोडली आहे?

मेजवानीचा आनंद हा चैनीचा आनंद आहे, हे खरे. परंतु सर्वांसोबत, मानाने, स्वतःच्या पैशाने आणि पोटभर खाणे, हा त्यातील खरा गाभा आहे. तेव्हा पुढच्या वेळी मंडळाच्या भगिनी हॉटेलात जातील, तेव्हा मंडळाच्या सभागृहाची झाडलोट करणाऱ्या बाईंनाही बरोबर न्यावे, त्यांना मधली खुर्ची द्यावी आणि पहिला पदार्थ कोणता मागवायचा हे त्यांनाच विचारावे, एवढी सूचना करून हा लेख पुरा करते.