पदवी नसलेले इंजिनीअर

शाळेनंतर मी इंजिनीअरिंगची पदवी घेतली. पण ज्यांना मी खरे इंजिनीअर मानते, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे (१८६९–१९५६) पदवी नव्हती.

मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवताना त्यांची हक्काची बढती हुकली. नोकरी सोडून ते बेळगावला भावाबरोबर सायकलींच्या धंद्यात उतरले. पुढे लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते, असे शेतकऱ्यांना वाटे; पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानाने कुंडलजवळचा निवडुंगाचा माळ दिला. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. भाऊ रामूअण्णा आणि सारे कुटुंब कामगारांच्या शेजारीच राहिले. वाडीत शिवाशीव चालत नसे आणि शिक्षा भोगून आलेल्यांनाही काम मिळे. मुलगा शंतनुराव १९२६ मध्ये अमेरिकेतून इंजिनीअर होऊन परतला, तो याच माळावर.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यातले बरेच जण शिकून गावाबाहेर गेलो, मीही गेले. आज स्नेहमेळाव्याला आलो आहोत, उद्या पुन्हा निघू. आपल्या गावाला आपण काय दिले, हा प्रश्न लक्ष्मणराव मला दरवेळी विचारतात. उत्तर अजून माझ्याकडे नाही. सरांनी शिकवलेला गृहपाठ म्हणून तो सोबत नेते आहे.