मार खाऊन जिंकायची कला : पोकेमॉन, पन्हाळा आणि पंत अमात्य

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे रिलीज होती, त्यामुळे दोन शनिवार ऑफिसातच गेले. या शनिवारी मात्र लॅपटॉप पुण्यातच ठेवून सरळ बावड्याला ताईकडे आलो. बावडा म्हणजे आमचा कसबा बावडा, पंचगंगेकाठचा, साखर कारखान्याचा. गगनबावडा वेगळा. हा खुलासा आत्ताच करून ठेवतो, कारण पुढे दोन बावड्यांचा घोळ होणार आहे.

तर झालं असं, की घरात शिरलो तेव्हा आमचा भाचा पोकेमॉन शोडाउनवर पाचवी लढत हरून बसला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : दोन्ही खेळाडूंकडे सहा-सहा पोकेमॉन, प्रत्येकाला चार डावपेच, आणि एकेका टर्नला दोघांनीही एकाच वेळी आपली चाल निवडायची. आमच्या पिढीला पोकेमॉन माहीत झाला तो २००३ च्या आसपास, कार्टून नेटवर्कवर आणि वेफर्सच्या पुड्यातल्या टाझोंवर. आम्ही टाझो उलटवायचो, ही पोरं आकडेमोड करतात.

"मामा, सहाच्या सहा गेले की! त्याचा एकपण मेला नाही."

संघ बघितला. सहाही जण मारकुटे. एकाच्याही अंगात दोन फटके खायची ताकद नाही. म्हटलं, "बाळा, जरा बचावाचा संघ बांधून बघ."

"छ्या! नुसतं मार खात बसायचं होय? रडीचा डाव आहे तो."

हे 'रडीचा डाव' मला लागलं. एक तर मी स्वतः या खेळात आयुष्यभर तोच डाव खेळत आलोय :-) आणि दुसरं म्हणजे, ज्या गावात बसून तो हे बोलत होता तिथल्या गच्चीवरून, पाऊस सरून हवा स्वच्छ झाली की वायव्येला पन्हाळ्याचा डोंगर दिसतो. बचाव म्हणजे काय ते या मुलखाइतकं कुणाला माहीत असणार?

मग जेवणं झाल्यावर मामा-भाचे कागद-पेन घेऊन बसलो. त्या रात्रीच्या गप्पांचा हा गोषवारा.

आधी खेळाचा इतिहास. पहिले पोकेमॉन गेम १९९६ साली जपानमध्ये आले. १९९९ च्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये बचावाला खरा पाया मिळाला. 'लेफ्टओव्हर्स' ही वस्तू आली, जी दर टर्नला एकूण एचपीच्या १/१६ भाग परत देते. 'स्पाइक्स', म्हणजे जमिनीवर पसरायचे काटे, तेही तेव्हाच आले. आणि ब्लिसी व स्कार्मरी हे दोघेही. ब्लिसी म्हणजे गुलाबी, गोलमटोल बाई. एचपी २५५, स्पेशल डिफेन्स १३५, पण साधा डिफेन्स फक्त १०. म्हणजे आग, वीज, पाणी कितीही ओता, ती हसत उभी, पण कुणी खाडकन ठोसा मारला की संपली. स्कार्मरी हा पोलादी पक्षी, डिफेन्स १४०. ठोसे, चावे, भूकंप त्याला काही करत नाहीत, पण आग आणि विजेला तो घाबरतो.

आता दोघांना शेजारी ठेवा. स्कार्मरीवर आग आली की ब्लिसी पुढे. ब्लिसीवर ठोसा आला की स्कार्मरी पुढे. दोघांचेही दोष मोठे आहेत, पण एकाचा दोष दुसऱ्याच्या गुणाने झाकला जातो. बचावाचा संघ बांधायचा पहिला नियम हाच : सगळ्याला पुरून उरेल असा एक भक्कम गडी शोधू नका, तसा मिळत नसतो. एकमेकांची भोकं बुजवणारे सहा शोधा.

पण नुसत्या अशा भिंतींनी जिंकता येत नाही, आणि भाच्याचा आक्षेप नेमका इथेच होता. समोरचा मारतोय, आपण बरे होतोय, असं किती वेळ? याचं उत्तर २००२ च्या रुबी-सफायरमध्ये मिळालं. तिथे स्कार्मरी स्वतः काटे पसरायला शिकला. तीन थर पसरले की जमिनीवरून आत येणाऱ्या प्रत्येक गड्याचा एक चतुर्थांश जीव दारातच जातो. शिवाय स्कार्मरीकडे वावटळ उठवून समोरच्याला मैदानातून हाकलण्याची चाल आहे. तो गेला की दुसरा आपोआप आत ओढला जातो, थेट काट्यांवर. असं चार वेळा झालं की हिशोब तुम्हीच करा. स्कार्मरीने एकही वार केलेला नाही!

इथे मी भाच्याला म्हटलं, "आता १६८९ सालात ये."

मार्च १६८९ मध्ये संभाजीमहाराजांची हत्या झाली. वर्षअखेर रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराममहाराज आधी पन्हाळ्याला आणि तिथून दक्षिणेत जिंजीला निघून गेले. समोर औरंगजेब, त्या काळातली देशातली सगळ्यात मोठी फौज आणि सगळ्यात मोठा खजिना घेऊन. मैदानात समोरासमोर उभं राहणं म्हणजे भाच्याच्या संघाने खेळणं, पाच टर्नमध्ये खलास.

म्हणून मग जोडी बसवली गेली. राजा जिंजीला, म्हणजे मोगलांचं मोठं सैन्य तिकडे ओढलं गेलं. महाराष्ट्राचा कारभार 'हुकूमतपन्हा' म्हणून रामचंद्रपंत अमात्यांकडे, बस्तान विशाळगडावर. जोडीला शंकराजी नारायण आणि परशुराम त्रिंबक. जिंजीचा वेढा झुल्फिकारखानाने १६९० साली घातला, किल्ला हाती आला १६९८ मध्ये. आठ वर्षं! आणि तोवर राजाराम किल्ल्यातून निसटले होते.

आणि काटे? संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव. रसद तोडायची, खजिना लुटायचा, मागे राहिलेली तुकडी कापायची, आणि मुख्य फौज वळेपर्यंत पसार व्हायचं. १६९५ मध्ये दोड्डेरीला संताजीने कासिमखानाची अख्खी फौज गढीत कोंडून उपाशी मारायची वेळ आणली. औरंगजेबाला मोगली फौज कुठूनही कुठेही हलवायची असेल तर ती काट्यांवरूनच न्यावी लागत होती.

"म्हणजे संताजी स्पाइक्स?" भाचा आता सरसावून बसला होता.

"आणि किल्ले ब्लिसी."

दुसरा नियम : अडकू नका. स्कार्मरीचा काळ म्हणजे मॅग्नेटॉन. हा चुंबक समोर आला की पोलादी गड्याला मैदान सोडताच येत नाही, आणि याची वीज त्याला भाजून काढते. भिंत कितीही जाड असो, बाहेर पडायची वाट बंद झाली की तिची कबर होते. १६६० साली पन्हाळ्यावर शिवाजीमहाराजांचं नेमकं हेच झालं होतं. सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून जुलैपर्यंत हलला नाही, पावसातही नाही. मग शिवा काशिद सोंग घेऊन शत्रूच्या हाती गेला, बाजीप्रभू खिंडीत उभे राहिले आणि राजे विशाळगडाला पोचले. खेळात याला 'सॅक' म्हणतात, म्हणजे एक गडी देऊन दुसऱ्याला सुखरूप वाट करून देणं. माझ्या तोंडून हा शब्द निघाला आणि मलाच कसंसं झालं. पडद्यावरचा पोकेमॉन पुढच्या लढतीत पुन्हा ताजातवाना उभा असतो. शिवा काशिद आणि बाजीप्रभू पुन्हा उभे राहिले नाहीत.

याच गोष्टीचा पुढचा भाग आपण शाळेत पटकन उरकतो. राजे सुटले, पण त्याच वर्षी पन्हाळा आदिलशाहीला देऊन टाकावा लागला. तो परत आला १६७३ मध्ये, कोंडाजी फर्जंद साठेक माणसं घेऊन रात्री कडा चढला तेव्हा. मधे तेरा वर्षं. किल्ला सोडणं म्हणजे हरणं नव्हे, हे ज्याला कळलं तोच बचाव खेळू शकतो.

आणि याचा सगळ्यात मोठा प्रयोग झाला १६९९ नंतर. ऐंशी ओलांडलेला औरंगजेब स्वतः किल्ले घ्यायला निघाला. १७०० च्या मार्चमध्ये राजाराममहाराज वारले आणि सूत्रं ताराबाईंच्या हाती आली. सातारा १७०० मध्ये गेला, पन्हाळा १७०१ मध्ये, विशाळगड १७०२ मध्ये, सिंहगड १७०३ मध्ये, राजगड आणि तोरणा १७०४ मध्ये. नुसती यादी वाचली तर वाटेल की औरंगजेब जिंकतोय. पण पद्धत बघा. महिनोन् महिने किल्ला लढवायचा, शत्रूचा दारूगोळा, जनावरं, पैसा खर्ची पाडायचा, पावसाळा तोंडावर आला की बोलणी लावायची, वर पैसे घ्यायचे आणि किल्ला देऊन बाहेर पडायचं. विशाळगडाचे दोन लाख रुपये मोजून घेतले! किल्ला देऊन मोगल फौज भर पावसात सह्याद्रीत अडकली. विशाळगडाहून पन्हाळ्याकडच्या तीसेक मैलांना तिला महिन्याहून जास्त दिवस लागले. नद्यांना पूर, तंबू कुजलेले, उंट-बैल चिखलात मेलेले. आणि बादशहाची पाठ वळली की एकेक किल्ला परत मराठ्यांकडे.

खेळात २०१० साली 'रीजनरेटर' नावाचा गुण आला. तो असलेला गडी मैदान सोडून आत गेला की त्याचा एक तृतीयांश जीव आपोआप भरून येतो. टॉक्सापेक्स याच जोरावर नावाजला. माघार घेतल्याने बरं होणं! आमच्याकडे ती युक्ती तीनशे वर्षं आधी चालली होती.

तिसरा नियम : साठा मोजा. प्रत्येक चालीला ठराविक पीपी असतात, ते संपले की ती चाल बंद. पूर्वी 'रिकव्हर'सारखी जीव भरून काढणारी चाल जास्तीत जास्त सोळा वेळा वापरता यायची. २०२२ च्या स्कार्लेट-व्हायलेटमध्ये ती आठवर आणली. बचाव खेळणाऱ्यांचं कंबरडं मोडलं ते इथे. आता प्रत्येक 'रिकव्हर' वापरताना विचार करावा लागतो.

हे ज्याने लिहून ठेवलं तो माणूस आमच्याच भागातला. रामचंद्रपंतांचं 'आज्ञापत्र' १७१५ चं, कोल्हापूरच्या संभाजीमहाराजांच्या काळातलं. पंत अमात्य बावडेकर म्हणतात ते हेच घराणं, आणि हा बावडा म्हणजे गगनबावडा. लहानपणी मला हे पंत आमच्या गल्लीतले वाटायचे :-) त्यातलं दुर्गांचं प्रकरण एखाद्या सिस्टिम डिझाइनच्या पुस्तकासारखं आहे. गडावर पाणी आहे ना ते आधी बघा. झरा असला तरी त्यावर विसंबू नका, लढाईत तोफांच्या दणक्याने तो आटू शकतो, म्हणून राखीव टाकी बांधा. एकच दरवाजा हा दोष समजा, चोरवाटा ठेवा. आणि हवालदार, सबनीस, कारखानीस यांच्यात अधिकार वाटून द्या, ठराविक वर्षांनी त्यांच्या बदल्या करा, म्हणजे एक माणूस फुटला तरी गड जाणार नाही. ऑफिसात आम्ही 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणून मोठ्या मीटिंगा घेतो. पंतांनी ते अठरा वर्षांच्या युद्धातून शिकलं होतं.

कारण तोफेने पडले त्यापेक्षा जास्त किल्ले पैशाने आणि फितुरीने गेले. आणि संघ आतून फुटतो तेव्हा काय होतं, तेही पंतांनी पाहिलं होतं. संताजी आणि धनाजी एकमेकांशी लढले आणि १६९७ मध्ये संताजी मारला गेला, मोगलांच्या रणांगणावर नव्हे, वैरातून. संघातले गडी कितीही चांगले असोत, जोडी फुटली की उरतात ते फक्त त्यांचे दोष.

एवढं सांगून झाल्यावर भाच्याने एक प्रश्न विचारला आणि मी गप्प झालो. "मामा, मग मधल्या लोकांचं काय झालं? गावातल्या?"

अवघड आहे. पडद्यावर शंभर टर्नची लढत झाली तर फार तर ताई ओरडते. अठरा वर्षांच्या लढतीत फौजा मात्र रयतेच्या शेतातून गेल्या. एकाने वसूल नेला, मग दुसऱ्याने नेला. १७०२ ते १७०४ या काळात दख्खनेत दुष्काळ आणि रोगराईनेही माणसं मेली. औरंगजेब १७०७ साली नगरजवळ वारला, दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही. मराठे टिकले. पण ज्याच्या जिवावर टिकले तो कुणबी कुठल्या बखरीत नावाने सापडत नाही. वेळ विकत घ्यायला किंमत लागते, आणि ती बहुतेकदा किल्ल्याबाहेरचा माणूस देतो. बचावाच्या खेळाची ही बाजू मी आधी कधी मोजलीच नव्हती.

असो. रविवारी सकाळी नवा संघ तयार झाला. स्कार्मरी, ब्लिसी, टॉक्सापेक्स, क्लॉडसायर, डोंडोझो आणि काटे साफ करायला एक कोरव्हिनाइट. पहिली लढत मी मागे उभं राहून बघितली. साठ टर्न झाले, सत्तर झाले, समोरच्याचे तीन गेले होते, आपले सहाही उभे. सत्त्याऐंशीव्या टर्नला पोराचा धीर सुटला आणि ब्लिसीला त्याने मारायला पुढे काढलं. एक ठोसा, ब्लिसी गेली. तिथून पंधरा टर्नमध्ये खेळ खलास.

"रडीचा डाव," मी म्हटलं.

"गप बस मामा. परत लावतोय."

रात्री पुण्याच्या बससाठी कावळा नाक्यावर उभा होतो. समोर चौकात घोड्यावरच्या ताराराणी. तलवार उगारलेली, घोडा झेपावलेला. पुतळे असेच असतात, त्यात वाट बघणारी माणसं दाखवता येत नाहीत. पण विधवा झाल्यावर पोराला गादीवर बसवून सात वर्षं या बाईने खरं काम केलं ते वाट बघण्याचं. कुठला किल्ला कधी सोडायचा, किती पैसे घ्यायचे, कधी परत घ्यायचा, हे ठरवण्याचं.

बस सातारच्या आसपास असताना मेसेज आला. "११४ टर्न. जिंकलो. ब्लिसी जिवंत."

तूर्तास इतकेच. सोमवारचा स्टँडअप नऊला आहे.