शोधयंत्रातील संकेतस्थळांचा क्रम आणि बीड जिल्ह्याचा इतिहास : एक अभ्यास

प्रस्तावना :
इतिहासलेखनात साधनांची उपलब्धता हा मूलभूत प्रश्न होय. दफ्तरखान्यात कागद असूनही त्याची सूची नसेल, तर अभ्यासकाच्या दृष्टीने तो कागद नसल्यासारखाच असतो. आज ही सूची बहुतांशी शोधयंत्र, म्हणजेच सर्च इंजिन, तयार करते. विद्यार्थी सहसा पहिल्या पानावरील चार-पाच दुवे पाहतो आणि थांबतो. त्यामुळे संकेतस्थळाचा क्रम हा केवळ व्यापाऱ्यांच्या आस्थेचा विषय राहिलेला नाही. प्रस्तुत लेखात हा क्रम ठरविण्याच्या पद्धतीचा इतिहास पाहून बीड जिल्ह्याच्या संदर्भात त्याचे परिणाम तपासले आहेत.

क्रमनिश्चितीची वाटचाल :
१९९० मध्ये माँट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठात तयार झालेले ‘आर्ची’ हे आद्य शोधयंत्र मानले जाते. ते केवळ फाइलींची नावे शोधत असे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पानांतील संपूर्ण मजकूर शोधणारे ‘अल्टाव्हिस्टा’ आले. या काळातील शोधयंत्रे पानावरील शब्दांना मोठे महत्त्व देत. परिणामी एकच शब्द शेकडो वेळा लिहिणे, पार्श्वभूमीच्याच रंगात अक्षरे दडविणे, असे प्रकार रूढ झाले.

१९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी ‘गूगल’च्या रचनेची मांडणी प्रसिद्ध केली. एखाद्या पानाकडे इतर किती व कोणत्या पानांनी दुवा दिला आहे, यावरून त्या पानाचे वजन ठरविण्याची ही पद्धत होती. अध्यापकांना ती अपरिचित वाटू नये. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये सुचविलेली आणि १९६४ पासून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’च्या रूपाने साकार झालेली संदर्भगणनेची कल्पना या पद्धतीमागे आहे. पुढे दुव्यांचाही बाजार मांडला गेला. तेव्हा गूगलने २०११ मध्ये ‘पांडा’ या बदलाद्वारे निकृष्ट मजकूर आणि २०१२ मध्ये ‘पेंग्विन’द्वारे कृत्रिम दुवे मागे ढकलण्याचे धोरण स्वीकारले. थोडक्यात, क्रमाचा इतिहास हा नियम व पळवाटा यांच्यातील चढाओढीचा इतिहास आहे.

नावांचा प्रश्न :
शोधयंत्राला शब्द द्यावा लागतो आणि बीडची अडचण येथूनच सुरू होते. १९०८ च्या ‘इंपीरियल गॅझेटियर’मध्ये आणि महाराष्ट्र शासनाच्या १९६९ च्या इंग्रजी जिल्हा गॅझेटियरमध्ये या जिल्ह्याचे नाव ‘भीर’ असे वाचले जाईल अशा रोमन वर्णांत आहे. २००१ व २०११ च्या जनगणनेत ते ‘बी-आय-डी’ असे, तर जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर ‘बी-ई-ई-डी’ असे लिहिलेले आढळते. यांपैकी दुसऱ्या रूपाचा इंग्रजीतील अर्थ लिलावातील बोली असा होतो. मराठीतही गोंधळ टळत नाही, कारण बीड म्हणजे ओतीव लोखंड. बिडाचा तवा शोधणारा आणि बिंदुसरेकाठचे बीड शोधणारा असे दोघेही एकच शब्द टंकित करतात.

अंबाजोगाईची स्थिती अधिक बोलकी आहे. निजामाच्या राजवटीत या गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. स्वामी रामानंद तीर्थ यांनी येथील शाळेत केलेले कार्य हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. मात्र त्या काळातील सरकारी कागदपत्रे मोमिनाबाद या नावाखाली शोधावी लागतात. केवळ प्रचलित नाव टंकित करणाऱ्या विद्यार्थ्यासमोर १९४८ पूर्वीची साधने येण्याची शक्यता कमी असते. याखेरीज ‘अंबेजोगाई’ असेही लेखन आढळते.

लिपीचा प्रश्न :
दुसरी अडचण लिपीची आहे. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला, तरी मराठी मुद्रणव्यवहार दीर्घकाळ ‘श्रीलिपी’, ‘कृतिदेव’ अशा फाँटवर चालला. असा मजकूर संकेतस्थळावर ठेवल्यास वाचकाला मराठी अक्षरे दिसतात, पण शोधयंत्राला त्यामागील निरर्थक रोमन चिन्हेच दिसतात. छायाप्रतीच्या रूपात चढविलेल्या ग्रंथांचीही तीच गत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार प्रबंधांच्या इलेक्ट्रॉनिक प्रती ‘शोधगंगा’कडे जाऊ लागल्या. परंतु प्रबंध छायाप्रतीच्या रूपात असेल, तर त्यातील एखाद्या शिलालेखाचे वाचन शब्द देऊन सापडणे दुरापास्त असते.

युनिकोडमध्येही एकच अक्षर दोन प्रकारे लिहिले जाऊ शकते. ‘दऱ्या’मधील अर्धा र दोन वेगळ्या संकेतक्रमांनी उमटतो आणि ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये मिळाला. त्यात मराठीची सामान्यरूपे आहेत. ‘धारूरचा किल्ला’ आणि ‘धारूरच्या किल्ल्यावर’ हा एकच विषय आहे हे यंत्राला वेगळे शिकवावे लागते.

क्रम आणि सत्य :
वरचा क्रम म्हणजे अधिक विश्वसनीयता असा समज विद्यार्थ्यांत दृढ होत आहे. आद्यकवी मुकुंदराजांचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. त्यांचे स्थान अंबाजोगाई की वैनगंगेकाठचे आंभोरे, हा अभ्यासकांमधील जुना वाद आहे. ज्या बाजूची पाने अधिक आणि परस्परांशी जोडलेली असतील ती बाजू वर दिसेल. त्यातून दुव्यांची संख्या कळेल, पुराव्याचे बळ कळणार नाही. उलटपक्षी, एखाद्या मताचे पुरावे शोधयंत्राला वाचताच येत नसतील, तर वादाची ती बाजू न मांडताच हरते. म्हणून क्रमाकडे दुर्लक्ष करणेही इतिहासाच्या अभ्यासकाला परवडणारे नाही.

काही उपाय :
१) महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवरील सर्व मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा व जुने अंक रूपांतरित करावेत.
२) छायाप्रतींसोबत किमान शीर्षक, सारांश व अनुक्रमणिका टंकित स्वरूपात द्यावी.
३) प्रत्येक स्थळाची जुनी-नवी नावे व रोमन लेखनभेद मजकुरात स्वाभाविकपणे नमूद करावेत. उदा. ‘अंबाजोगाई, पूर्वीचे मोमिनाबाद’.
४) प्रत्येक विषयाला स्वतंत्र पान आणि नेमके शीर्षक असावे. ‘मुखपृष्ठ’ हे शीर्षक काहीच सांगत नाही.
५) जिल्ह्यातील महाविद्यालये, ग्रंथालये व १ मे २००३ पासून सुरू असलेला मराठी विकिपीडिया यांनी योग्य तेथे परस्परांच्या साधनांचा संदर्भ द्यावा. मात्र केवळ क्रमासाठी दुव्यांची देवाणघेवाण करू नये.

निष्कर्ष :
शोधयंत्रातील क्रम सुधारणे म्हणजे यंत्राला फसविणे नव्हे. साधनाचे नाव, लिपी व संदर्भ शुद्ध ठेवणे हेच त्याचे खरे स्वरूप असून दफ्तरखान्यातील सूचिकाराचे काम यापेक्षा वेगळे नव्हते. बीड जिल्ह्याचे नाव घेताच दुष्काळ व ऊसतोडणीसाठी होणारे स्थलांतर समोर येते. ते वास्तव आहेच, परंतु दासोपंतांची पासोडी, कंकालेश्वराचे मंदिर आणि निजामशाहीतील खजाना विहीर हेही या भूमीचेच वास्तव आहे. त्याविषयीचे संशोधन अध्यापकांनी केले आहे व ते छापलेही गेले आहे. ते सापडण्याजोगे करणे ही आता संशोधनाचीच पुढील पायरी मानावी लागेल.