शाळेतल्या समुपदेशकाला नेमकं काय शिकवलेलं असतं?

"डॉक्टर, शाळेत समुपदेशनाच्या मॅडम आहेत. मग त्यांनी आम्हाला तुमच्याकडे का पाठवलं?" पालक हे जरा रागानेच विचारतात. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं.

शालेय समुपदेशनाची सुरुवात मनाच्या त्रासापेक्षा नोकरीच्या प्रश्नातून जास्त झाली. 1908 मध्ये अमेरिकेत बोस्टनला फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारी कचेरी काढली. आपल्याकडे 1952-53 च्या मुदलियार आयोगानेही शाळांसाठी मार्गदर्शन अधिकारी आणि 'करिअर मास्टर' सुचवले. पुण्यातही भर मोजमापावर होता. विद्यापीठातला मानसशास्त्र विभाग 1950 मध्ये सुरू झाला तो 'प्रायोगिक मानसशास्त्र' या नावाने. 1962 मध्ये अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ती बुद्धिमान मुलं हेरून त्यांना घडवण्यासाठी. ही कामं मोलाचीच. पण पुणेकर पालकांच्या डोक्यात 'मानसशास्त्र म्हणजे दहावीनंतरची टेस्ट' हे समीकरण बसलं ते बसलंच. 2016 मध्ये राज्यात दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी आली, तीही याच वाटेवरची.

कोठारी आयोगाने (1964-66) तर दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, असं सुचवलं होतं. या आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक. त्या काळी तेवढंही मिळालं असतं तर खूप झालं असतं. पण दहा शाळा फिरणारा माणूस चाचणी घेईल, अहवाल देईल. रडणाऱ्या मुलाजवळ पुन्हा पुन्हा कसा बसेल?

आता नव्याने रुजू झालेल्या समुपदेशकाचा विचार करा. एम.ए.ला सिद्धांत पाठ, चाचण्या हातात. पहिल्याच महिन्यात आठवीतली मुलगी फुलबाह्या वर करून हातावरचे व्रण दाखवते आणि म्हणते, "आईला सांगू नका." गुप्तता पाळायची, हे शिकवलेलं असतं. ती कधी मोडायची, हे नुसत्या पुस्तकातून जमत नाही. जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावंच लागतं. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पॉक्सो कायद्यानुसार (2012) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मुख्याध्यापक "आधी आपण बघू" म्हणाले तरी! अशा वेळी अनुभवी माणसाला फोन करता यायला हवा. अमेरिकेत अधिकृत मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांत देखरेखीखालच्या सरावाचे 100 आणि इंटर्नशिपचे 600 तास असतात. आपल्याकडे तासांची अशी एकसारखी शिस्त अजून रुळलेली नाही. कुणाला उत्तम सराव मिळतो, कुणाला नुसतं प्रमाणपत्र. वर ऑफ तासाला वर्ग सांभाळायचं कामही त्यांच्याच गळ्यात.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. त्याचं मुलांच्या मानसिक आरोग्यातलं प्रशिक्षण दाखवता येण्याजोगं असावं, असंही म्हटलं. माझ्या मते महत्त्वाचं आहे ते हे दुसरं वाक्य.

म्हणून पालकसभेत टाइल्स आणि एसीबरोबर हेही विचारा: समुपदेशकांनी सराव कुठे केला? अडलं तर त्या कुणाला विचारतात? मुलांशी बोलायला दार बंद होणारी खोली आहे का?

आणि मॅडमनी तुम्हाला माझ्याकडे पाठवलं असेल, तर त्यांना काम येत नाही असं समजू नका. आपल्या हाताबाहेरचं काय, हे ओळखणं त्यांच्या शिक्षणातला अवघड भाग आहे. येताना त्यांची चिठ्ठी मात्र घेऊन या.