प्रत्येक तूट प्रस्तरभंग नव्हे

त्रिमितीय भूकंपीय सर्वेक्षणातले प्रस्तरभंग, म्हणजे थर तुटून सरकल्याच्या जागा, संगणकाने शोधाव्यात आणि माणसाने फक्त तपासून सही करावी, हे मत आता चांगलेच रुजले आहे. त्यामागचा युक्तिवाद पोकळ नाही. 2007 मध्ये भूवैज्ञानिक क्लेअर बाँड आणि सहकाऱ्यांनी एकच कृत्रिम भूकंपीय छेद शेकडो भूवैज्ञानिकांपुढे ठेवला. आलेल्या 412 उत्तरांपैकी जेमतेम 21 टक्क्यांत त्या रचनेचा प्रकार बरोबर ओळखलेला होता. माणूस इतका चुकतो, तर न थकणारे, पूर्वग्रह नसलेले यंत्र का नको? हा पूर्वपक्ष.

पण यंत्राला पूर्वग्रह नसतो हे कुणी ठरवले? 2019 मधली गाजलेली ‘फॉल्टसेग थ्रीडी’ ही प्रस्तरभंग शोधणारी संगणकप्रणाली 200 कृत्रिम घनांवर, म्हणजे त्रिमितीय भूकंपीय चित्रांवर शिकली. त्या घनांत थर कसे वाकावेत, कुठे तुटावेत, याचे नियम माणसांनीच घातले होते. 1995 पासून वापरात असलेली सुसंगती-मोजणी तर शेजारच्या लहरनोंदी एकमेकींशी किती जुळतात एवढेच सांगते. त्या का जुळत नाहीत, हे ती सांगत नाही.

आणि सगळे काही त्या ‘का’वरच अडते. नंदुरबार-धुळे पट्ट्यात बेसाल्टच्या थरांना उभ्या चिरत गेलेल्या 210 डाइकांची, म्हणजे भेगांत शिरून थिजलेल्या शिलारसाच्या भिंतींची, नोंद झाली आहे. सर्वांत लांब डाइक 79 किलोमीटरची. माळावर त्या दगडी बांधासारख्या दिसतात. जवळ गेले की सरपण रचून ठेवावे तसे खडकाचे खांब आडवे पडलेले आढळतात, कारण शिलारस दोन्ही कडांकडून आत निवत गेला. त्याने भेग रुंदावली, पण थर वरखाली केले नाहीत. अशी डाइक संगणकाच्या घनात आली, तर तीही एक उभी, लांबलचक तूटच दिसणार. त्यात बहुतेक डाइक पूर्व-पश्चिम, म्हणजे तापीखोऱ्यातल्या प्रस्तरभंगांना जवळपास समांतर. दिशा जुळली म्हणून निर्धास्त होणे इथेच सर्वांत घातक.

थर वरखाली नाहीत म्हणजे प्रस्तरभंग नाहीच, असेही मात्र चटकन म्हणता येत नाही. आडवे थर बाजूने सरकले तर त्यांची उंची बदलत नाही.

‘मग यंत्राला डाइकही शिकवा,’ असे उत्तर येईल. जरूर शिकवावे. अंकलेश्वरला, जिथे 1960 मध्ये तेल सापडले, बेसाल्ट तळाशी आणि गाळखडक वर आहेत. तिथे यंत्राची मदत मोलाची ठरेल. नंदुरबारात बेसाल्टच वर आहे. तो लहरींची बरीच ऊर्जा माघारी धाडतो, उरलेली विखुरतो; खालचे चित्रच पुसट येते. पुसट चित्रावर यंत्राने ठामपणे रेघ ओढली तरी पुरावा वाढत नाही. इथे चुंबकीय आणि गुरुत्वीय नकाशे शेजारी मांडावे लागतात, डाइक प्रत्यक्ष चालून पाहावी लागते.

राहिला बाँड यांचा दाखला. त्याच प्रयोगाच्या पुढच्या विश्लेषणात, हे थर कोणत्या क्रमाने घडले असतील याचा विचार करणाऱ्यांची उत्तरे अधिक वेळा बरोबर निघाली. पूर्वपक्षाला नेमके हेच काम माणसाच्या हातून काढून घ्यायचे आहे.